ॲक्लिव्हिटीवरचे आप्पा

हिंदुराव आप्पांनी चढाला चढ म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. ते त्याला 'ॲक्लिव्हिटी' म्हणतात. घाट असो, पुलाचा चढाव असो, वा दवाखान्याच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी केलेला तिरपा कोबा असो, आप्पा पायथ्याशी थांबतात, डावा डोळा मिटतात, आणि निकाल देतात, "ॲक्लिव्हिटी हाय. एकाला बारा." म्हणजे बारा पावले पुढे गेलात की एक पाऊल उंच गेलात. मी सांगलीत चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले; हा शब्द एवढ्या काळात मी एकदाच उच्चारला, आणि तोही शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर.

आप्पांविषयी आमच्या मलकापुरात ज्या कथा चालतात, त्यांतील बहुतेक खोट्या आहेत. हा शब्द त्यांना कोयनानगरला एका गोऱ्या साहेबाने शिकवला, ही पहिली. आप्पा तिथे रस्त्याच्या मोजणीवर पट्टी धरायला लागले तेव्हा गोऱ्या साहेबांना देश सोडून पुष्कळ वर्षे लोटली होती. पट्टी धरणारे आप्पा पुढे सर्व्हेअर होऊन निवृत्त झाले, ते स्वतःच्या डोक्याने. त्यात साहेब नाही, गोरा नाही आणि काळाही नाही.

दुसरी कथा अशी की आप्पा भारदस्त दिसावे म्हणून इंग्रजी बोलतात. ज्यांनी आप्पांना चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात आणि कानटोपीत पाहिले आहे, त्यांनी तरी हे बोलू नये. आप्पा इंग्रजी बोलतात ते मिठासारखे, चवीपुरते. चहा जमला की "ॲडिक्वेट." कुणी तोंडावर फोन ठेवला की "लय ॲब्रप्ट माणूस." महाबळेश्वरला लेकीच्या दिराच्या लग्नाला जाऊन आले, तेव्हा मी विचारले, "कसं झालं लग्न?" तर म्हणाले, "लग्नाचं सोडा, सर. पाऊस उघडला आन् आभाळ असं ॲझ्युअर झालं, की मी अक्षता टाकायच्या विसरलो."

मला त्यांच्या या शब्दांत काहीतरी खटकत असे, पण काय ते सापडायला दोन वर्षे लागली. त्यांचा प्रत्येक इंग्रजी शब्द इंग्रजी मुळाक्षरांतल्या पहिल्याच अक्षराने, 'ए'ने, सुरू होत होता. मी तसे विचारले, तेव्हा आप्पा मला घरी घेऊन गेले आणि ट्रंकेतून एक पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवले. कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये आधीच्या बिऱ्हाडाने टाकून दिलेली ती डिक्शनरी होती. वाळवीने ती पाठीमागून खात आणली होती आणि पहिले अक्षर संपवायच्या आत कुणीतरी रॉकेल मारले होते.

"बाकीची भाषा वाळवीनं न्हेली," आप्पा म्हणाले. "जेवढी राहिली तेवढी पाठ केली. रातच्याला दुसरं करायचं काय? कुणाला सांगू नका, सर."

मी सांगणार नाही म्हणालो.

आता वाद ज्या चढावरून झाला, त्याविषयी. आमची वसाहत महामार्गालगत आहे आणि तिथून आगाशिवाच्या डोंगराच्या दिशेने जो चढ निघतो, त्याच्या शेवटी आप्पांचे घर. त्यापुढे घर नाही. बाभळी आणि डोंगर. आप्पा कऱ्हाडहून वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या, जीपने येत, तेव्हा चालकाला सांगत, "ॲक्लिव्हिटीला थांबीव." चालक बाळू. तो पहिल्या आठवड्यात म्हणाला, "आप्पा, अकलवटीवर उतरणार न्हवं?"

"गड्या, ॲक्लिव्हिटीवर उतरत नसत्यात. चढत्यात."

"मग जीपमधनं चढून बाहेर निघा की!"

बाळूच्या तोंडून तो शब्द सगळ्या जीपवाल्यांच्या तोंडी गेला. आज कऱ्हाडच्या स्टँडवर "अकलवटी, अकलवटी" अशा आरोळ्या ऐकू येतात. कोणताही इंग्रजी शब्द इतक्या लवकर मराठी झालेला मी पाहिलेला नाही.

थांब्यावर पाटी लावायचे ठरले, तेव्हा समाजमंदिरात बैठक झाली. तिथे बाळू उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या जागी पूर्वी अकलाई नावाची देवी हुती. बाया तिची वटी भरायला यायच्या. अकलाईची वटी, म्हणून अकलवटी. आमची आजी सांगायची."

बाळूची आजी मिरजेकडची. तिने मलकापूर पाहिले ते बाळूच्या बारशाला. तरीही बैठकीत माना डोलल्या. दोन बायकांना तर अकलाई आठवूही लागली. तेव्हा आप्पा उठले, कानटोपी काढली आणि म्हणाले, "देवी न्हाई, काय न्हाई. त्यो माझा शब्द हाय."

त्यानंतर जे झाले ते मलकापुरात तीन प्रकारे सांगितले जाते. कुणी म्हणतात, मी आप्पांना अडाणी म्हणालो. कुणी म्हणतात, आमचा बांधावरून जुना वाद होता. मला गुंठाभर जमीन नाही, हे त्यांना ठाऊक नसावे. कुणी म्हणतात, मी बाळूच्या बाजूने बोललो. तिन्ही खोटे. मी आप्पांच्या बाजूने बोलायला उठलो होतो. मी सांगितले की शब्द आप्पांचाच आहे, देवीचा नाही. इथे मी बसायला हवे होते. परंतु अर्धवट विधान करून खाली बसणे मला आयुष्यात जमलेले नाही, म्हणून पुढे म्हणालो, "मात्र काटेकोर बोलायचे तर हा शब्द खालून पाहणाऱ्याचा. आप्पा राहतात वर. वरून पाहिले की तोच चढ उतार, म्हणजे 'डिक्लिव्हिटी' होतो."

"डि... काय?" आप्पांनी विचारले.

बैठकीत हशा झाला. बाळू म्हणाला, "आप्पा, तुमच्या इंग्रजीत न्हाई व्हय ह्यो?"

आणि मी म्हणालो, "कसा असेल? आप्पांचे इंग्रजी पहिल्याच अक्षराला संपते. पुढचे वाळवीने खाल्ले."

एवढेच वाक्य. ते माझेच आहे. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर घालण्याचा माझा विचार नाही.

आप्पांनी कानटोपी घातली, दोन्ही कान नीट आत घेतले आणि चढाने वर निघून गेले. ते पुन्हा खाली आले नाहीत.

रोज पाच वाजता आम्ही दोघे थांब्याजवळच्या टपरीवर बसत असू. मी जात राहिलो. तिथला चहा वाईट असतो, पण सवयीचा भाग. पावसाळा संपला, गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या समोरून जाऊ लागल्या. माझा मुलगा पुण्याहून फोनवर विचारी, "बाबा, संध्याकाळी कुणाबरोबर असता?" मी सांगत असे, "आप्पांबरोबर." हे खोटे होते, पण त्याला आप्पा कोण हे माहीत नसल्याने त्याने कुणाचे नुकसान झाले नाही. बाकावर मी एका कडेलाच बसत असे.

एके दिवशी बाळूने जीप थांबवली. "आवं सर, आप्पा लय दिस खाली न्हाईत. गुडघं धरल्यात म्हणं. तुमी वर गेला तर पाय झिजत्यात व्हय?"

"त्यांनी बोलावलेले नाही."

"त्यांचा पोरगा तिकडं फौजेत, सिक्कीमला. लेक म्हाबळेश्वरला. बोलवायला तोंड तरी कुठं ऱ्हायलंय त्यांच्याकडं? तुमी बैठकीत बंद केलं की."

वडापच्या चालकाने मला जबाबदारी शिकवावी, हे मला मान्य नव्हते. म्हणून मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो.

जाताना माझी स्वतःची डिक्शनरी घेतली, शेवटच्या अक्षरापर्यंत शाबूत असलेली. क्षमा मागायला मी चाललो नव्हतो. एक संदर्भग्रंथ द्यायला चाललो होतो. वजन तीन किलोच्या आसपास असावे. पहिल्या वळणाशीच मला धाप लागली. पाहतो तो, तिथेच कडेला एक सपाट दगड, गुडघ्याएवढ्या उंचीचा, डुगडुगू नये म्हणून खाली चिपा घातलेला. मी बसलो. पुढे दुसऱ्यांदा दम लागला, तिथे दुसरा दगड. आप्पांनी हे दगड रस्त्याची जागा बळकावण्यासाठी रोवले, असे खाली बोलले जाते. मी एवढेच सांगतो की जागा बळकावणारा माणूस दगडाच्या वर सावलीचा विचार करत नाही. तिन्ही दगड बाभळीखाली होते.

तिसऱ्या दगडावर बसलो तेव्हा आप्पांचे दार दिसत होते. दारात आप्पाही दिसत होते, काठी धरून उभे. त्यांनी मला पाहिले. मी त्यांना पाहिले. त्यांनी हाक मारली नाही. मला वाटले, उठावे आणि परत फिरावे. पण दम बसेना, म्हणून फिरलो नाही.

वर पोहोचल्यावर मी रागानेच म्हणालो, "दारातून पाहत होता. हाक मारायला काय झालं होतं?"

"हाक मारली की माणूस दम न घेता चढतो, सर. तुमचं वय हाय का तसं चढायचं?"

"आणि हे दगड?"

"तुमचाच दम मोजलाय. डिक्शनरी बघाय आला हुता, तवा. कुठं कुठं थांबला ते ध्यानात ठेवलं आन् बैठकीच्या आदीच बसीवलं. पोराचा मोजला असता, पर त्यो फौजेतला, त्याला दगड लागत न्हाई." मग म्हणाले, "आन् येतोय तरी कवा."

मी डिक्शनरी पुढे केली. आप्पांनी ती चटईवर ठेवली, हात पुसले, चष्मा लावला, आणि बोटाने एकेक पान उलटत चौथ्या अक्षरापर्यंत गेले. शब्द सापडला. ओठ हलवत त्यांनी अर्थ दोनदा वाचला आणि पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवले.

"तुमचं बरोबर हाय, सर. वरनं बघितलं तर त्योच शब्द."

चौतीस वर्षांत कुणी इतक्या सहज मला बरोबर ठरवले नव्हते. मला ते मुळीच आवडले नाही.

"पर त्यो जाणाऱ्याचा शब्द हाय," आप्पा म्हणाले. "मी वर बसून जाणाऱ्यांचा रस्ता कशापायी बघू? येणाऱ्याला कसा दिसतो, तसाच मी बघतो. माझ्याकडनं ती ॲक्लिव्हिटीच ऱ्हाणार."

यावर व्याकरणाच्या दृष्टीने माझ्यापाशी उत्तर होते. मी ते दिले नाही. त्याऐवजी म्हणालो, "त्या दिवशी मी वाळवीचं बोलायला नको होतं."

"नकोच हुतं," आप्पा म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले.

आतून स्टोव्हला पिन मारल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ते दोन कप घेऊन आले. चहा काळपट होता. आप्पांनी स्वतःच्या कपात पाहिले, मग माझ्या.

"दुधाचं जरा आखडतंय," ते म्हणाले. "पाव लिटर घेतो. एकट्याला तेवढं बास हुतं." मग चढाकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "सकाळी दूधवाला येतो. त्याला काय सांगू, सर?"

"अर्धा लिटर," मी म्हणालो.