पिंजऱ्याच्या नंबरावरचं मांजर

'उत्पादनाचा ओळख क्रमांक' असा एक रकाना संगणकाच्या पडद्यावर होता आणि तो रिकामा होता. काकांना दुसरं काही दिसेना. त्यांची उभी हयात कचेरीत गेलेली. तिथे रकाना रिकामा राहिला की अर्ज परत यायचा, म्हणून माणसं काहीबाही लिहून मोकळी व्हायची. रकाना आधी भरायचा, खरंखोटं मागाहून बघायचं, हे तत्त्व त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं.

"मांजराला कुठला आलाय क्रमांक?" काकू म्हणाल्या.

मांजर कापडी होतं. पोटात कापूस, दोऱ्याच्या मिशा, शिवण काकूंची. अशी पुष्कळ मांजरं आजवर नातेवाइकांकडे गेली होती. "अय्या, किती गोड," म्हणून ती घेतली जात आणि पुढच्या खेपेला कपाटावर पाठमोरी बसलेली दिसत. ज्याला आपली भीड नाही अशा परक्या माणसाने एकदा तरी आपलं मांजर हवं म्हणावं, एवढीच काकूंची इच्छा होती. त्यासाठीच इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात मांजरं विकायला ठेवायचा घाट घातला होता.

काकांनी रकान्यात घराचा नंबर घातला, तो फारच आखूड पडला. फोनचा घातला, तोही पुरेना. मग त्यांची नजर टेबलाखालच्या खोक्यावर गेली. उंदराचा नवा पिंजरा आणला होता, त्याचं ते खोकं. त्यावर काळ्या रेघा आणि रेघांखाली लांबलचक आकडा होता. काकांनी तो उतरवला. संगणकाने मुकाट्याने घेतला, वर 'ही वस्तू आमच्या परिचयाची आहे' असंही दाखवलं.

"बघ, ओळखलं त्यांनी," काका म्हणाले.

"न बघताच?"

"अगं, एवढं मोठं दुकान. त्यांना सगळं माहीत असतं."

दुकानाच्या पानावर पहिला फोटो पिंजऱ्याचा आला आणि मांजर पार शेवटी गेलं. ती जाहिरात असणार, असं काकांनी ठरवून टाकलं.

आणि मागण्या सुरू झाल्या. काकू हरखून गेल्या. शिलाई मशीन थांबेना, घरभर कापूस उडू लागला, काका खोकी बांधून बांधून वाकले. फक्त पत्ते वाचताना काकूंना कोडं पडे.

"अहो, धान्याच्या वखारीला मांजर कशाला हवंय?"

"वखारवाल्याला नातवंडं असतील."

"आणि हे ग्रंथालय?"

"बालविभाग असेल," काका म्हणाले, पण तेही जरा विचारात पडले होते.

मग गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले. काकांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचायला घेतले. 'दिसायला छान आहे. तीन रात्री ठेवलं, जागचं हललं नाही.' 'उघडायचं कुठून ते लिहिलेलं नाही.' 'उंदीर याला टेकून झोपतो.'

"टेकून झोपतो म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"कौतुक असावं. मऊ आहे, असं म्हणायचं असेल."

"पण उंदीर?"

"पोराचं लाडाचं नाव असेल," काका म्हणाले. यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला नाही.

संध्याकाळी त्या दुकानाच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "सर, तुम्ही पिंजऱ्याच्या नंबरावर मांजरं विकताय."

"नंबर तुमच्याच रकान्यात घातलाय."

"सर, तो नंबर जगात त्या एकाच वस्तूचा असतो. नंबर जुळला म्हणून आम्ही तुम्हाला पिंजरेवाल्यांच्या रांगेत बसवलं. तुमचा भाव कमी, म्हणून लोकांनी तुमच्याकडूनच घेतलं. आता ज्यांना मांजर गेलंय त्यांना आम्ही कळवतोय, परत करा, पैसे घ्या. सगळा माल तुमच्याकडे येईल."

"मग मी तिथे लिहायला काय हवं होतं?"

"काहीच नाही. हाताने केलेल्या वस्तूंना सूट आहे. रकाना रिकामा ठेवायचा."

काका खुर्चीत बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण त्याहून अवघड काम पुढे होतं. त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी मशीन थांबवलं. "म्हणजे मांजर कुणीच मागितलं नव्हतं."

"तसं बघितलं तर नाही."

"आणि तसं नाही बघितलं तर?"

काकूंनी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, परत येणाऱ्या मांजरांसाठी. काकांना फार वाईट वाटलं. बायकोने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्यांना झालं.

घंटा वाजली की काका दाराशी धावत. कधी पेपरचं बिल असे, कधी शेजारीण. मांजर काही येईना. हे काय गौडबंगाल आहे ते कळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच कंपनीला फोन लावला.

"सर, लोक परत द्यायला तयार नाहीत," तीच मुलगी म्हणाली. "वखारवाले म्हणतात पैसे नकोत, मांजर गल्ल्यावर बसवलंय. ग्रंथालयात वाचताना ते मांडीवर मिळावं म्हणून मुलं नंबर लावतात. एका बाईंनी तर पिंजरा वेगळा घेतला आणि मांजर अजून एक मागितलंय, धाकटीसाठी. काय करायचं?"

काकांनी फोन काकूंच्या कानाला लावला आणि म्हणाले, "हे सगळं परत एकदा सांगा."

काकूंचं ऐकून होतं न होतं तोच पुन्हा फोन वाजला. काकांची बहीण होती.

"वहिनी, घरचा धंदा म्हणून मी मुद्दाम महागातलं मांजर मागवलं. तर पिंजरा आला की गं."

"वन्सं, महागातला भाव त्याच पानावरच्या पिंजरेवाल्याचा होता. द्या परत, मी चांगलं मांजर पाठवते."

"परत कशाला? काल रात्री सापडला एक. फार कामाचा आहे गं. मांजर राहू दे."

काकूंनी फोन ठेवला.

"काय म्हणाली ती?" काकांनी भीत भीत विचारलं.

"त्यांना पिंजराच आवडलाय." काकूंनी सुईत दोरा ओवला. त्यांना हसू आवरत नव्हतं. "बरं झालं. घरच्यांना काय द्यायचं ते आता कळलं. मी बाहेरच्यांची मांजरं करते."