दहाव्याला पाच गुण

आमच्या पक्षाच्या मुळशी तालुकाध्यक्षपदासाठी एकच नाव वर पाठवायचं होतं आणि इच्छुक तीन होते. पक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत तो इतक्या वेळा फुटला आणि इतक्या वेळा जुळला, की हे छापून येईपर्यंत नाव बदललेलं असायचं. मी पक्षाचा तालुका सरचिटणीस. सगळे मला नाना म्हणतात. सतरंज्या उचलण्यापासून मी सुरुवात केली आणि आता सतरंज्या कोणी उचलायच्या ते ठरवतो, एवढी माझी प्रगती.

पूर्वी हे काम सोपं होतं. तिघांना बोलवायचं, एकेकाला आत घेऊन "तुमचंच नाव फायनल आहे, बाहेर बोलू नका" असं सांगायचं आणि चौथ्याचं नाव जाहीर करायचं. सगळं कसं खेळीमेळीत व्हायचं. यंदा मात्र वरून निरीक्षक आले. अमोघ त्यांचं नाव. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत डेटाचं काम करत होते, ते सोडून लोकशाही करायला आले होते.

"नाना, आपण मुलाखती घेणार नाही," ते म्हणाले. "मुलाखतीत लोक खोटं बोलतात."

"मग?"

"मोजायचं. जनसंपर्क निर्देशांक. उमेदवार लोकांच्या सुखदुःखात किती धावून जातो, त्याचे मार्क."

सुखदुःखात धावून जाणे ही आमच्या तालुक्यातली एकमेव मान्यताप्राप्त विचारसरणी आहे. रस्ता केला नाही तर लोक विसरतात, दहाव्याला आला नाही तर नातवंडांना सांगून ठेवतात. अमोघांनी कोष्टक काढलं. बारसं अर्धा गुण, साखरपुडा एक, लग्न दोन आणि दहावा पाच. नदीकाठी पिंड मांडल्यावर श्रद्धांजलीचं भाषण केलं तर आणखी एक. मुदत महिनाअखेर.

"दहाव्याला पाच? आणि लग्नाला दोनच?" मी विचारलं.

"लग्नात पब्लिक जेवणाकडे बघतं, नाना. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत कुणाला उठता येत नाही."

पोरगं हुशार होतं, नाही असं नाही.

आता इच्छुकांचं सांगतो. पहिले भरे गावचे शरदचंद्र अण्णा. पक्षात हयात गेली, पद एकदाही मिळालं नाही, म्हणून निष्ठावंत. मयत कोणीही असो, अण्णांच्या पहिल्या वाक्यात तो आधारवड होतो, दुसऱ्या वाक्यात पोकळी निर्माण होते आणि ती पोकळी अण्णा पाऊण तास भरत बसतात. मागे एका दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना. थोरला म्हणाला, "आईला सांभाळू." कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, "जमिनीवरून भांडणार न्हाई." कावळ्यानं मान फिरवली. शेवटी जावई काकुळतीला येऊन म्हणाला, "मामा, अण्णांना खाली बसवतो!" कावळा असा झेपावला म्हणता, की पिंडाबरोबर पत्रावळही घेऊन गेला.

दुसरे भूगावचे पियूष शेठ. प्लॉटिंगचा धंदा. दहाव्याचा मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं शेठकडून फुकट. बाटलीवर शेठचा हात जोडलेला फोटो. घाटावर जो भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, त्यात कोपऱ्यात तिकिटाएवढा मयत असतो आणि मधोमध नखशिखांत शेठ. परगावचे पाहुणे येतात, शेठच्या पायाशी फुलं वाहतात आणि "काय हो, तरणाताठा गेला!" म्हणून हळहळतात.

तिसऱ्या महिला आघाडीच्या कल्पनाताई. ताई आल्या की रडतात. आधी मयताचं नाव विचारून घेतात, मग रडतात, एवढी शिस्त त्यांना आहे. अशा काही रडतात, की घरची मंडळी आपलं दुःख बाजूला ठेवून ताईंसाठी पाणी आणायला पळतात.

तिघंही कामाला लागले. कुणाच्या घरी म्हातारं खोकलं की दारात तीन गाड्या. गुण सारखेच वाढत गेले आणि पहिल्या आठवड्यातच तिघं बरोबरीत येऊन अडकले. त्यात भलतंच संकट आलं. तालुक्यात मरणंच थांबली! अण्णांना यात विरोधकांचा हात दिसत होता. बरं, मुदत महिनाअखेर, म्हणजे माणूस वीस तारखेच्या आत जायला हवा, तरच दहावा हिशेबात धरता येणार.

"नाना, पाइपलाइनमध्ये कोण आहे?" अमोघांनी मला विचारलं.

मी विचार करून सांगितलं, "कोळवणच्या पुढं, ओढ्यापल्याडच्या वाडीत किसनतात्या आहेत. नव्वदीला आलेत. ताप उतरत नाही म्हणतात."

ही बातमी मी तिघांनाही दिली. प्रत्येकाला वेगळी, खासगीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही ओढ्याच्या अलीकडे उभे. वाडीत जायला पूल नाही. पाऊस सरला होता तरी ओढ्याला मांडीभर पाणी होतं. अण्णांनी धोतर खोचलं, ताईंनी माझा खांदा धरला आणि शेठना त्यांच्या दोन माणसांनी उचलून आणलं. शेठच्या गळ्यातलं सोनं धरून ते पालखीएवढे भरले असावेत.

तात्या पडवीत बाजेवर पडले होते. सून प्रभावती चुलीवर काढा उकळत होती. अण्णा बाजेशी बसले आणि आवाजात पुरेसा ओलावा आणून म्हणाले, "तात्या, काही इच्छा राहिली आहे का?"

"साकव," तात्या म्हणाले.

"काय?"

"वड्यावर साकव. बारका पूल रं. तुमी तिघं जन्माला आल्यापासनं मागतोय मी. पावसाळ्यात पोरांची साळा बुडती, आजारी मानूस झोळीत घालून न्यावा लागतो. ह्या पोरीची पयली येळ आली तवा वडा दुथडी भरला व्हता. लेक काठावरच झाली. आन् काठावरच गेली."

प्रभावतीनं चुलीत उगाचच लाकूड सारलं. शेठ मात्र बोटांवर आकडेमोड करत होते. दहाव्याचा घाट वाडीच्या अंगाला. साकव नाही तर गाड्या नाहीत, गाड्या नाहीत तर गर्दी नाही, वरचे नेते नाहीत, भाषण ऐकायला कुत्रं नाही!

"तात्या, शब्द देतो," शेठ उसळून म्हणाले. "दहाव्याच्या आत साकव उभा करतो!"

"कुनाच्या दहाव्याच्या?" प्रभावतीनं विचारलं.

ताईंनी वेळ साधून रडायला घेतलं.

आणि सांगतो, लोकहो, जे काम इतकी वर्षं तांत्रिक अडचणींमुळे होत नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी सुरू झालं. शेठनी जेसीबी आणला. अण्णांनी ओळखीत सिमेंट उचललं. ताई परवानगीसाठी एका साहेबासमोर जाऊन रडल्या आणि साहेबांनी घाबरून दोन सह्या जास्त केल्या. श्रेय दुसऱ्याला जायला नको म्हणून तिघंही उन्हातान्हात ओढ्यावर उभे. इतका लोकाभिमुख कारभार मी तरी पाहिला नव्हता.

घोळ झाला तो प्रभावतीच्या काढ्यामुळं. तात्यांचा ताप उतरायला लागला.

शेठचा एक माणूस थर्मामीटर घेऊन पडवीतच बसवलेला होता. त्यानं फोन केला, "शेठ, पेशंट सुधारतोय," आणि ओढ्यावरचा जेसीबी जागच्या जागी थांबला. संध्याकाळी तात्यांना पुन्हा कणकण आली, तसा जेसीबी सुरू झाला. ताप चढला तेव्हा खांब उभे राहिले. ताप उतरला तेव्हा स्लॅबसाठी आलेलं लोखंड अर्ध्या वाटेवरून परत गेलं. वाडीतल्या लोकांना हे गणित कळायला वेळ लागला नाही. आपले लोक कशात मागं नाहीत.

जो तो तात्यांची चौकशी करायला यायला लागला.

"तात्या, कसं वाटतंय?"

"आज लई बरं वाटतंया."

"अरे अरे अरे!" म्हणत माणूस कपाळाला हात लावायचा.

शेवटी वाडीतली चार शहाणी माणसं प्रभावतीला भेटली. "वैनी, गैरसमज नगो. पन स्लॅब पडंस्तवर काढा जरा बेतानं..."

प्रभावतीनं हातातली फुंकणी उगारली. "माज्या सासऱ्याच्या जिवावर पूल बांदताय व्हय रं, मुडद्यांनो? तुमच्या घरातली म्हातारी काय उरूसाला गेल्यात?" चौघं अंगण ओलांडून ओढ्यात पोचले, तेव्हा कुठं ती थांबली.

"पोरी, हिकडं ये," तात्यांनी बाजेवरून हाक मारली. "मी काय मरत न्हाई. पन बरा बी व्हत न्हाई. स्लॅब पडू दे."

"तात्या, आसं अभद्र नाटक नगं."

"अभद्र? ह्या राज्यात जित्या मानसाला नुसतं मत हाय. साकव मरनाऱ्याला मिळतो. आपुन जरा मरनारं व्हायचं. तुज्या लेकीसाठी म्हनून व्हायचं, दुसरं काय?"

प्रभावतीनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं कढत चहा केला. थर्मामीटर तोंडात घ्यायच्या आधी तात्या त्या चहाचा घोट गालात धरायचे, आणि पारा पाहून शेठचा माणूस आनंदानं ओरडायचा. ती स्वतःही असा गळा काढायला लागली, की कल्पनाताई ओसरीवरून उठून म्हणाल्या, "नाना, ही बाई आपल्या आघाडीत घ्या. हिच्यात स्पार्क आहे."

स्लॅब पडला. कठडे झाले. अण्णा तात्यांच्या उशाशी बसून भाषणाचा सराव करायचे. "तात्या म्हणजे आधारवड..."

"आधारवड काडा," तात्या डोळे मिटूनच म्हणायचे. "बैलानं आधार दिला, म्या फकस्त खाल्लं. आन् आवरतं घ्या, कावळं ताटकळत्यात."

वीस तारीख उजाडली. तिघंही सकाळपासून पडवीत. अमोघ घड्याळ बघत होते, तिघं तात्यांकडं बघत होते. दुपार कलली. तात्या उठून बसले, सुकट-भाकरी मागून घेतली, पोटभर जेवले, काठी घेतली आणि सगळ्यांच्या देखत चालत ओढ्यावर गेले. मागं प्रभावती. दोघं साकवावरून पलीकडं गेली आणि परत आली. तिच्या पायाला पाणी लागलं नाही, तरी डोळ्यांना लागलंच. वाडीतली पोरं मागंपुढं धावत सुटली, बायांनी टाळ्या पिटल्या, आणि पक्षशिस्त मोडून मीसुद्धा ओरडलो, "वा रे वा, तात्या!"

"ही जनतेनं आमची केलेली घोर फसवणूक आहे," शरदचंद्र अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं सर्वांत छोटं भाषण हेच.

कल्पनाताई रडल्या, पहिल्यांदाच मनापासून. शेठनी संगमरवरी पाटी आधीच करून ठेवली होती, ती लावल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. "कै. किसनतात्या स्मृती साकव." तात्यांनी ती प्रभावतीकडून वाचून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आज न्हाई तर उद्या खरं व्हईलच. दगूड फुकट नगो घालवाया."

गुण बरोबरीतच राहिले. "डेटा पुरेसा नाही," असं म्हणून अमोघांनी हात वर केले, आणि पक्षानं तालुकाध्यक्ष म्हणून रोहित नावाच्या गृहस्थांचं नाव जाहीर केलं. ते आदल्या दिवशीच दुसऱ्या पक्षातून आले होते आणि आयुष्यात एकाही दहाव्याला गेले नव्हते.

मात्र साकवाची कीर्ती खोऱ्यात पसरली. आठवड्याच्या आत पलीकडच्या गावचं शिष्टमंडळ माझ्या दारात. "नाना, आमच्या आळीत सगुणाबाई हाय, नव्वदीच्या वर. दम लागतोय. पान्याच्या टाकीचं बगा की!" त्यांच्या मागं दुसरे, विजेचा डीपी जळलेले. त्यांच्या मागं तिसरे, चक्क बाजेसकट. आता नव्या अध्यक्षांनाही कामगिरी दाखवायची आहेच. सगळीकडं कामं सुरू आहेत.

माझंच सांगतो. पिरंगुटला आमची गल्ली चार वर्षं खणून पडलेली आहे. परवा चहाच्या टपरीवर मला एक शिंक आली. एकच. मी रुमाल खिशात ठेवतोय तोवर, पार्किंगवरून माझ्याशी भांडण असलेला शेजारी अभय धावत आला. "नाना, जपा हं," म्हणाला आणि डोळ्यांत इतकी माया, की मला गहिवरून आलं. संध्याकाळी सूप आलं, फळं आली, सगळी गल्ली उंबऱ्यात जमली. माझ्या मुलानं, सख्ख्या मुलानं विचारलं, "बाबा, खिडकी उघडी ठेवू का? मस्त गार वारं येतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खडीचा डंपर उभा होता.

तुम्ही हसताय. हसा, हसा. पण एक सांगा, तुमच्या घरासमोरचं रखडलेलं काम या दोनचार दिवसांत अचानक सुरू तर झालं नाही ना? झालं असेल, तर आधी डॉक्टरला दाखवून या.