गोलकीपरची भजी

हेंककाकांच्या टीममधले अकराच्या अकरा खेळाडू कांदे होते. म्हणजे खेळाडू खरेच, हॉलंडमधल्या त्यांच्या गावच्या क्लबाचे. पण न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या आमच्या कांद्याच्या पॅकहाउसमध्ये, चहाच्या खोलीच्या खिडकीत, अंड्यांच्या ट्रेवर त्यांच्या जागी कांदे बसलेले असायचे. पुढे पाच, मध्ये तीन, मागे दोन, आणि सगळ्यांच्या मागे एकटा गोलकीपर. प्रत्येकाच्या सालीवर काळ्या पेनने नंबर. क्लबाच्या आजवरच्या खेळाडूंतून सगळ्यांत भारी अकरा निवडायचे, हे काम काका चाळीस वर्षं करत होते. दर हंगामाला कांदे नवे, वाद जुनाच.

मी निफाडकडची. आठवीनंतर शाळा सुटली ती थेट कांद्याच्या खळ्यावर. नवरा इथे शिकायला आला, नोकरीला लागला, मला घेऊन आला. विमानात बसताना वाटलं, सुटले बाई कांद्यातून. दुसऱ्याच महिन्यात मी सरकत्या पट्ट्याशी उभी होते: सडका काढ, जोडकांदा काढ, फुलाचा दांडा आलेला डेंगळा काढ. ऑकलंडच्या गणपतीत पुण्या-मुंबईच्या बायका विचारायच्या, "तू काय करतेस गं?" मी म्हणायचे, "फूड इंडस्ट्रीत आहे," आणि हात ओढणीखाली घ्यायचे. वास जात नाही ना.

पॅकहाउस काकांचंच. आता जावई बघायचा, पण सत्तरी ओलांडलेले काका रोज सकाळी गमबूट चढवून हजर. पट्ट्याच्या टोकाला उभे राहायचे आणि मध्येच ओरडायचे, "स्टॉप!" पट्टा थांबायचा. जावई कपाळाला हात लावायचा. काका हजारो कांद्यांतून एक उचलायचे. "खांदे बघ याचे, रंजना! सेंटर हाफ!" जुना सेंटर हाफ त्या दिवशी सूपमध्ये जायचा.

इथे सगळे त्यांना नुसतं हेंक म्हणायचे. माझी जीभ उचलत नव्हती, म्हणून मी काका केलं. इथल्या रानात काका नावाचा पोपट असतो, त्यामुळे सुपरवायझर बाई हसून बेजार. काकांना मात्र चाललं. "पोपट तर पोपट. बोलतो तर मी खूपच."

बोलायचे ते एकाच विषयावर. क्लबाचं नाव घ्यायचे नाहीत, नुसतं "द क्लब", जसं आपण गावातल्या देवळाला नुसतं देऊळ म्हणतो. काका दहा वर्षांचे असताना आईबापांबरोबर बोटीत बसून इकडे आले. बोटीत बसले त्या दिवशी त्यांचं 'आजवर' संपलं. त्यानंतरचा एकही खेळाडू टीममध्ये नाही.

"काय रे हेंक, तुझ्यानंतर तिकडे कुणी चांगलं खेळलंच नाही?" सुपरवायझर चिडवायची.

"ने, ने, ने!" हे त्यांचं 'नाही', आणि ते तीनदाच यायचं. "मी फक्त पाहिलेले घेतो. या दोन डोळ्यांनी पाहिलेले." आणि ते दोन डोळे कांद्याने घळघळा वाहत असायचे.

खेळाडूंचं वर्णन ऐकावं तर त्यांच्याकडून. "हा उजवीकडून निघाला ना, की आधी सगळं गप्प. मग भिंत हलायची, भिंत!" किंवा, "याचा शॉट म्हणजे... ठप्प. बास. नुसतं ठप्प." मी मान हलवायचे. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

पण कांदा कळायचा. एकदा भीत भीत म्हटलं, "काका, या गोलकीपरची मान ओली आहे. महिन्याभरात सडून बसेल." काकांनी मान दाबून पाहिली, गंभीर झाले आणि "इंजर्ड" म्हणून त्याला बाजूला ठेवला. तेव्हापासून मला विचारल्याशिवाय टीममध्ये कुणी आला नाही. या देशात माझं मत विचारणारा तो पहिला माणूस. तिकडेही कुणी विचारलं होतं असं नाही.

एका जागेवर मात्र कायम बदली कांदा, लेफ्ट बॅकच्या. कुठलाच कांदा त्यांना पटेना. २०१४ च्या हंगामात तो मला सापडला. लहानसा, घट्ट, तांबूस, डावीकडे किंचित झुकलेला. "हा कुणाला पुढे जाऊ देणार नाही," मी म्हटलं. काकांनी तो तळहातावर बराच वेळ धरला. मग ट्रेवर ठेवला आणि खुर्चीत बसले. "झाली," म्हणाले. "रंजना, टीम झाली. सोमवारी फोटो काढायचा, भिंतीवर लावायचा. विषय संपला."

हे बुधवारी. शुक्रवार हंगामाचा शेवटचा दिवस, सगळ्यांनी काहीतरी घेऊन यायचं आणि एकत्र जेवायचं. मी बेसन, कढई आणि सहा कांदे नेले. कांद्याच्या गावात आणखी कांदे कोण नेतं? पण शेवटचा कंटेनर सकाळीच गेला होता. शेड धुऊन लख्ख. औषधालासुद्धा कांदा नाही.

शेडच्या दाराशी गॅस मांडून मी खेकडा भजी काढली. पहिले दोन घाणे बघता बघता उडाले. जावई रिकामी प्लेट घेऊन समोर उभा. "हीप्स गुड, रंजना!" म्हणजे एकदम झकास. "अजून आहेत ना?" पुढच्या हंगामाला कुणाला बोलवायचं ते हाच ठरवणार. "येस येस, वन मिनिट," म्हणत मी चहाच्या खोलीत गेले.

मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं. गोलकीपर सगळ्यांत मोठा, म्हणून तो पहिला चिरला. दुसरा सारखाच शोधून ठेवू, मनाशी म्हटलं, कांदाच तर आहे. पुढच्या घाण्याला मधले तिघे गेले. आठ जण संपल्यावर उरलेल्या तिघांना खिडकीत ठेवणं आणखीच वाईट दिसायला लागलं. काका बाहेर उन्हात, शेडकडे पाठ करून बसले होते. मी त्यांनाही प्लेट दिली. "लेकर, लेकर," म्हणाले, म्हणजे फक्कड. पाच भजी खाल्ली.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे किराणा दुकानातून, मी अकरा कांदे विकत घेतले. ट्रेवर मांडले, घाईघाईत नंबर टाकले आणि घरी येऊन नवऱ्याशी धड बोलले नाही.

सोमवारी सकाळी घराचं दार वाजलं. काका. तान्हं मूल धरावं तसा ट्रे दोन्ही हातांत.

"रंजना, गोलकीपरच्या पाठीवर नऊ नंबर आहे."

मी पाहिलं. आकडे मी मराठीत टाकले होते, माझा १ त्यांना 9 दिसला. घाबरले की माझी शाळा तेवढीच उरते.

"हे लोक कोण?"

"डेअरीतले."

"आणि माझे?"

"सॉरी काका. तळले. सगळे."

"गोलकीपर?"

"पहिला तोच."

"लेफ्ट बॅक?"

"तो शेवटी. तुम्हीच... तुम्हीच खाल्ला."

काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. मी उभीच. काम जाईल याची भीती नव्हती असं म्हणणार होते, पण तीही होती. रडत सॉरी सॉरी म्हणत राहिले. ते ट्रेकडे बघत होते.

"चांगला होता," म्हणाले. मग, "मी त्याला कधी पाहिलं नाही."

"कांद्याला?"

"कुणालाच. एकालाही नाही." त्यांनी डोळ्यांना लावायला बोट वर नेलं आणि कानाला लावलं. "आमचं घर मैदानाच्या भिंतीला लागून होतं. तिकिटाला पैसे नसायचे. रविवारी मी आणि बाबा परसात भिंतीला पाठ लावून बसायचो. आवाज वाढला की बाबा सांगायचे, आता अमुकच्या पायात बॉल असेल. पुढच्या वर्षी आत नेतो, म्हणायचे. पुढच्या वर्षी बोट आली." ते हसल्यासारखं करायला गेले. "आवाजावरून टीम निवडली मी. इथल्या सगळ्या डच म्हाताऱ्यांना सांगत आलो, या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं पकडू शकतील असे आता कुणी उरलेही नाहीत."

मी सवयीने सॉरी म्हटलं.

"शुक्रवारी मी पाठ करून बसलो होतो," काका म्हणाले. "तू भजी तेलात सोडलीस ना, तेव्हा... भिंतीपलीकडचा आवाज." त्यांनी ट्रे माझ्याकडे सरकवला. "परत तळ. एकेक सोड."

मी कांदे चिरले, बेसन कालवलं, तेल तापवलं. काकांनी खुर्ची फिरवली, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. मी पहिलं भजं सोडलं. तेल एकदम खवळलं, आवाज चढला, भरून आला, हळूहळू उतरला.

"सात नंबर," काका म्हणाले. "विंगवरून."

मी दुसरं सोडलं. मग तिसरं. भज्यांचा डोंगर झाला, कुणी खात नव्हतं. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत नव्हती. शेवटी भांडं निपटून पुसलं, शेवटचा आवाज उतरला.

काका डोळे मिटूनच होते. "एक्स्ट्रा टाइम?" त्यांनी विचारलं.

मी बेसनाचा डबा खाली काढला.