परबकाकांचं धामणीचं धनुष्य

परबकाकांनी माझ्या सासऱ्यांच्या तिरडीचा बांबू वाकवून बघितला होता. वर घरात रडारड चाललेली. मी कळशी घेऊन खाली उतरले, तर हे गृहस्थ चाळीच्या अंगणात उकिडवे बसून, बांबू गुडघ्यावर दाबून, एक डोळा मिटून त्याची कमान न्याहाळतायत! मी रडायचीच थांबले. वर मलाच म्हणतात, "चांगलो आसा गो शुभा. पण हयसर जरा आळशी."

आळशी म्हणजे जिथे लाकूड वाकत नाही ती जागा. काका धनुष्यं बनवतात. काळाचौकीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत. आधी गिरणीच्या सुतारखात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर कुणाकुणाचं फर्निचर केलं, आणि हातपाय थकल्यावर माणसं देवळात जातात तर हे धनुष्यांकडे वळले. लांब धनुष्य केलं की त्याचं टोक पंख्याला लागायचं, म्हणून आखूड. छातीपर्यंत येईल एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारधर्म म्हणून वाटी परत करायला गेले आणि दारातच हबकले. भिंतीवर खुंटीत आडवं धनुष्य अडकवलेलं, त्याची दोरी खालच्या कप्पीतून ओढून काका समोरच्या भिंतीला टेकलेले, लाकूड करकरतंय, आणि त्याच्या बरोब्बर खाली परबकाकू शांतपणे तांदूळ निवडतायत!

"काकू, मोडलं तर?"

"मोडता कधी कधी," काकू म्हणाल्या आणि एक खडा बाजूला टाकला.

धनुष्याच्या दोन्ही बाजूंना काका हात म्हणतात. दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत. जो वाकत नाही तो आळशी, मग तिथे पेन्सिलीची खूण करायची आणि फुटक्या काचेने तासायचं. चार वेळा काच फिरवायची की परत भिंतीवर चढवून ओढायचं. एकेका धनुष्याला महिना जातो. माणसांनाही हेच माप लावतात. माझ्या नवऱ्याला तोंडावर "आळशी हात" म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

कमिटीच्या सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली, की चाळीत हत्यारं नकोत. चौकशीला सगळे गेलो तर कळलं, एकोणीस धनुष्यं झाली होती पण घरात बाण एकसुद्धा नव्हता.

"बाण कित्याक?" काकाच चक्रावले. "कोणाक मारूचा आसा?"

सेक्रेटरी चहा पिऊन परत गेले.

काकांना एकाच गोष्टीची चीड होती. जास्त तासून मऊ पडलेलं धनुष्य. तसं झालं की ते गुडघ्यावर मोडून थेट बंबात घालायचे. स्वतःचंसुद्धा. एकच धनुष्य मात्र कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलेलं, गावाहून मेव्हण्याने पाठवलेल्या धामणीच्या लाकडाचं. रद्दीवाल्याचा असतो तसला लटकता काटा दोरीला अडकवून ओढलं, तर ओढायला अठरा किलोचा जोर लागतो असं दाखवायचा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या वर्षी काकूंना झटका आला. वाचल्या, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी काकूंनी तो गॅलरीतून खाली टाकला. तेव्हा काकांनी पोटमाळ्यावरून धामणीचं धनुष्य काढलं, काकूंना पेलेल इतपत तासलं आणि भिंतीवर चढवलं. भिंतीवर एक तांबडी रेघ मारली. काकूंनी स्टुलावर बसून उजव्या हाताने कप्पीतला दोर ओढायचा आणि धनुष्याची दोरी रेघेपर्यंत आणायची. डावा हात लावायचा नाही.

तीन आठवडे जमलं नाही. जमलं त्या दिवशी काकू "गाठली गो!" म्हणून अशा ओरडल्या की अख्खा मजला धावला. मग ते रोजचंच झालं. चहा झाला की रेघ, आणि रेघ गाठली की काकूंचा चेहरा दिवसभर फुललेला. त्या जोरावर त्या जेवायच्या, बोलायच्या, गॅलरीत येऊन आम्हा सगळ्यांना शिकवायच्या.

पण थंडीत मला काहीतरी खटकायला लागलं. काकूंच्या हातून कप पडत होता. वेणी घालायला मी जायचे, तर त्यांना फणी धरवत नव्हती. आणि तरी रेघ रोज गाठतात?

एक दिवस सकाळी काकू गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. मी वेणीसाठी फणी आणायला आत गेले. काका मोरीत, पडद्याआड बसले होते. मांडीवर धामणीचं धनुष्य, हातात काच. सर्र सर्र तासत होते. मी किंचाळलेच, "काका! मऊ पडेल ना ते!"

"बोंब मारू नको. ती आयकतली."

काटा पायाशी पडलेला होता. मी उचलून दोरीला लावला आणि ओढला. दीड किलोसुद्धा भरलं नाही. धनुष्याचे दोन्ही हात वेताच्या छडीएवढे झाले होते. तरीही सारखे वाकत होते, तेवढं त्यांनी सांभाळलं होतं.

इतक्यात काकू भिंतीला धरत आत आल्या. काकांनी धनुष्य घाईघाईने चढवलं. काकू स्टुलावर बसल्या, बोटं दोराभोवती कशीबशी गुंडाळली आणि ओढलं. दोरी थरथरत रेघेवर आली.

"आज मुद्दाम जड केलय हां मी," काका म्हणाले.

"तरीच खांदो दुखलो!" काकू खुशीत हसल्या आणि गॅलरीत जाऊन समोरच्या बिऱ्हाडाला ही बातमी द्यायला लागल्या.

काकांनी धनुष्य खाली काढलं. ते अंगठ्याने दाबून बघितलं, परत बघितलं, आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आता खंयसून काढू गो, शुभा? लाकूडच उरूक नाय."