बटाट्याची तिसरी खेप

खडकसांगवीत ज्या कुत्र्याला भुयारातल्या घुशीवर भुंकता येत नाही, त्याची नगरपालिका मांजर म्हणून नोंद करते आणि मंडईच्या गोदामात बदली करते. नियम जुना आहे. गावात त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही.

मालनबाई बोरावक्यांचा बटाटा हा आखूड पायांचा टेरियर दोनदा नापास झाला होता. आज तिसरी आणि शेवटची खेप. यजमान गेल्यापासून घरात मालनबाईंचं ऐकून घेणारं तेवढंच एक माणूस होतं.

सराव काही कमी केला नव्हता हो! तीन महिने त्या रोज दुपारी खुर्च्यांवर रजया टाकून भुयार करत, आणि घूस कुठून आणायची म्हणून पलीकडच्या तोंडाशी स्वतःच बसत. बटाटा सुसाट आत शिरे, अंधारातली वळणं बिनचूक घेई आणि बाहेर आला की त्यांचं नाक चाटे. "अरे, भुंक की मेल्या!" असं म्हणत त्या लगेच त्याला बिस्किट देत.

शिट्टी झाली. बटाटा भुयारात दिसेनासा झाला. भुयार म्हणजे नगरपालिकेचं जुनं कोरडं गटार. त्याच्या टोकाला जाळीच्या केबिनमध्ये परीक्षक घूस बसते. एकवीस वर्षांची नोकरी, स्वभावाने कडक. तिच्यावर साठ सेकंदांत भुंकायचं असतं. कारकून दाभाडे घड्याळ धरून उभे होते.

"उमेदवार पोचला आहे," केबिनमधून वर आणलेल्या नळीतून घुशीचा आवाज आला. "चाळीस सेकंद झाले. जाळीतून माझं नाक चाटतो आहे."

"शिकार दिसली की रक्त कसं उसळायला हवं, बाई," दाभाडे म्हणाले. "याचं काहीच उसळत नाही."

"उसळतं हो! पण त्याला वाटतं, भुयाराच्या टोकाला आपलंच माणूस बसलेलं असतं. मीच तसं शिकवलं. चूक माझी आहे."

"पालकांच्या चुकीचा फॉर्म आपल्याकडे नाही."

मालनबाईंनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि सरळ भुयारात शिरल्या. माणसांना मनाई, अशी पाटी तिथे नव्हती, त्यामुळे दाभाड्यांनी त्यांना अडवलं नाही. थोड्याच वेळात आतून असं काही भुंकणं ऐकू आलं, की छपरावरची कबुतरं उडाली.

"अठ्ठावन्न सेकंद," घूस म्हणाली. "आवाजात जीव आहे. पास."

"कोण पास, मॅडम?"

"जो भुंकला तो."

मालनबाई कोपरं खरवडून बाहेर आल्या. मागोमाग बटाटा आला, प्रसन्न चेहऱ्याने. दाभाड्यांनी रजिस्टरात कुत्र्याच्या रकान्यात मालन बोरावके असं लिहिलं आणि पितळी बिल्ला त्यांच्या गळ्यात बांधला.

"मालकाचं नाव सांगा. मालकाशिवाय बिल्ला चालत नाही."

मालनबाईंनी बटाट्याकडे पाहिलं. "ह्यांचं लिहा."

"पण हे नापास आहेत. यांची बदली व्हायची आहे."

"दाभाडे," नळीतून घूस म्हणाली, "मालकाला भुंकता आलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आणि मालकाची बदली आपण करत नाही."

दाभाड्यांनी नियम दोनदा वाचले. मग शाई लावून बटाट्याचा पंजा उमटवून घेतला.

घरी जाताना बटाटा पट्टा तोंडात धरून पुढे चालला होता. कोपऱ्यावर कुलथे अण्णा भेटले. मालनबाईंच्या गळ्यातला बिल्ला बघून ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्यावर छत्री रोखून बटाट्याला म्हणाले, "चावत नाही ना हो?"

बटाट्याने पट्टा खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा भुंकला. अण्णांची छत्री खाली येईपर्यंत भुंकत राहिला.

मालनबाईंना भरून आलं. शेपटी नव्हती, म्हणून त्यांनी पदर हलवला.