हमीदाभाभीची हत्यारं

हमीदाभाभीनं मला फसवलं. अकोल्याच्या बाजारात कोण्या गाडीवाल्यानं आजवर ओला कापूस कोरडा म्हणून माझ्या गळ्यात मारला नाही. त्या मला, किसन दलालाला, एका पिंजाऱ्याच्या बायकोनं भर दुपारी, माझ्याच तराजूवर फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी तिच्याबद्दल काही बरं बोललो, तर मी ते विसरलो असं कोणी समजू नये.

तिचं घर आमच्या घराला लागून. नवरा चांदभाई कापूस पिंजायचा, ती गोधड्या आणि कापूस भरलेले लेप शिवायची. शिवण्यात तिचा हात धरील अशी बाई पातूरपर्यंत नव्हती. पण तिच्या घरात शिवणकामाची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे सुई. बाकी सगळी हत्यारं स्वयंपाकघरातून आलेली, आणि त्यातली निम्मी आमच्या.

कापड टाचायला बाभळीचे काटे, आणि ते खोचून ठेवायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. जाड थरातून सुई ढकलायची तर तळहाताला करवंटीचा तुकडा बांधायची. कापड कापायची विळीवर, भेंडी चिरल्यासारखं. तांब्यात निखारे भरले की झाली इस्त्री. सरळ रेघ हवी असली की सुतळी गेरूत बुडवून ताणायची आणि मधे चिमटीनं उचलून सोडायची. कापडावर अशी तांबडी रेघ उमटे, की पाटलाच्या शेताच्या धुऱ्यालाही तेवढा सरळपणा नसावा.

एकदा मी ओट्यावर सुपारी घेऊन बसलो, तर अडकित्ता नाही. शेजारी डोकावलो. बाई माझ्या अडकित्त्यानं दोरे कापत बसलेली.

"भाभी, हा माहा अडकित्ता हाय."

"हाय ना. कोन नाही म्हन्ते?" तिनं मानही वर केली नाही. "पन याचं असली काम शिलाईचं होतं, किसनभाऊ. चुकून सुपारीत पडला बिचारा."

"मंग मी सुपारी कायनं फोडू?"

"दातानं. अल्लानं कायले देल्ले?"

हे तिचं ठरलेलं बोलणं. जगातल्या प्रत्येक वस्तूचं असली काम शिलाईचं होतं, ती चुकून दुसरीकडं गेली होती, आणि तिला तिच्या जागी आणायची जबाबदारी हमीदाभाभीवर होती. आमचं लाटणं असंच गेलं. कापसाचा थर सारखा करायला ते बरं पडतं म्हणे. दोन महिने मी भाकरीच खाल्ली. पोळीचा विषय काढला तर आमच्या घरची म्हणाली, "भाकर थापाले लाटनं लागते काय? मंग कायले बोंबलता?" मी बाजारात शंभर माणसांना गप्प करतो, पण या दोघींपुढं माझी डाळ कधी शिजली नाही.

पाच शेराच्या वजनापायी मात्र मी खरंच भडकलो. दारात माल भरलेली गाडी उभी, शेतकरी खोळंबलेला, आणि वजन जागेवर नाही. ते तिच्या लेपाच्या कोपऱ्यावर बसलेलं, कापड सरकू नये म्हणून. मी अंगणात उभा राहून तिच्या सात पिढ्या काढल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुमच्यापाशी हा गोळा लोकाइचा माल कमी करत होता. अथी बसून काही भलं काम करून राह्यला, त तेबी पाहवत नाही तुमाले." गाडीवाला खो खो हसला. त्या दिवशी मला भावात एक पाऊल मागं यावं लागलं, ते तिच्यामुळं.

मग ते कापसाचे दिवस आले. साता समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडं तोंड करून बसल्या. लोक इतके पिसाळले, की घरातल्या गाद्या, उशा, लेप उसवून आतला कापूस बाजारात आणू लागले. अंगावर काय घ्यायचं ते थंडी आल्यावर पाहू, असं म्हणायचे. मी तो कापूस दारोदार फिरून घेतला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते विकत होते, मी घेत होतो.

पण पिंजाऱ्याचं काम बसलं. पिंजायला कोणाच्या घरी कापूस उरेना. शेवटी चांदभाईनं पिंजायची कमान खुंटीला टांगली आणि माझ्याच गाड्यांबरोबर निघाला, जिथवर आगगाडीचे रूळ आले होते तिथवर. गाड्या परत आल्या, तो आला नाही. गाडीवान म्हणाले, मुंबईकडं मोठं काम आहे असं ऐकून पुढं गेला. त्याला दोन हिवाळे झाले होते.

हमीदाभाभीकडं एक लेप होता, दोन माणसांचा, जाडजूड. माझी नजर त्याच्यावर होती. मी महिनाभर मागं लागलो. ती ऐकेना. मग एक दिवस स्वतःच दारात आली.

"घेऊन जा लेप. पैसा नोको. तुमची बाज द्या."

माझ्या मनात उकळ्या फुटल्या, पण तोंड मी कडू केलं. बाज सागाची आहे, वडिलांच्या हातची आहे, असं पुष्कळ बोललो. वडिलांनी बाज सोडा, पाटही केला नव्हता. शेवटी "देईन, पन दोरी काढून देईन," म्हणालो. ती कष्टी चेहऱ्यानं कबूल झाली. दोरी वाचवली म्हणून मी घरात मिशीला पीळ देत फिरलो.

लेप तराजूत टाकला तर अंदाजापेक्षा भारी. खरं तर कापसात हात घातल्याशिवाय मी सौदा करत नाही. पण शिवण इतकी दाट होती, की हात घालायला जागाच नव्हती. शिवाय मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, की किसन दलालाला नुसत्या वजनावरून कापूस कळतो.

घरी उसवला. आत चिंध्या. जुनी लुगडी, फाटकी धोतरं, माझी एक हरवलेली बंडी. कापसाचं बोंडभरही नाव नाही. चिंधी कापसाहून भारी भरते, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

तो उसवलेला लेप खांद्यावर टाकून मी तिच्या घरात शिरलो. माझी बाज उलटी, चार पाय वर करून ठेवलेली. त्या पायांना नवं कापड ताणून बांधलेलं आणि त्यावर कापूस पसरलेला, अर्धा शिवलेला. दोरी तिला मुळी नकोच होती.

"भाभी, माहा कापूस काढला तुमी."

"काढला."

"काहून?"

 ती कापसावर तळवा फिरवत राहिली. मग म्हणाली, "हा त्यायनं जाताना पिंजला. आखरीचा. तुमी रोज मांगून रायले होते, भाऊ. एखाद्या दिवशी घरात दाना नसता, अन् मी देऊन टाकला असता. म्हनून बंदोबस्त केला."

मी शिव्या तयार करून आलो होतो. त्या तशाच राहिल्या. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, अर्धा शिवून झाला, उरलेला अर्धा का पडलाय?

"माही बाजू झाली," ती म्हणाली. "त्यायची रायली. लांबी किती धराव, आठवत नाही. पाय उघडे राह्यचे त्यायचे, येवढं आठवते." मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी त्यायच्याच येवढे हा ना? जरा जमिनीवर पडा बरं."

मी पडलो. खांद्यावरच्या चिंध्या डोक्याखाली घेतल्या आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर उताणा पडलो. ती गुडघ्यावर बसून आमच्याच लाटण्यानं मला टाचेपासून मोजू लागली. एक लाटणं, दोन लाटणी. आयुष्यभर मी लोकांना मोजलं, मला असं कोणी मोजलं नव्हतं.

खरं सांगायचं तर चांदभाई माझ्याहून चांगला वीतभर उंच होता. पुढच्या अंगणातून यायचा तेव्हा आमच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागायची.

"भाभी, एक वीत जास्ती धरा," मी म्हणालो. "माह्यापेक्षा उंच होता तो."

"होता नाही," ती म्हणाली. "हाय."

"हाय," मी म्हणालो.

लेप पुरा होऊन आता तिसरा हिवाळा आहे. घडी घालून ठेवलेला आहे. ती तो अंगावर घेत नाही. त्याच चिंध्यांचं काही तरी शिवून त्यात झोपते. कापसाचे भाव कधीच पडले. उसवलेल्या गाद्यांचे लोक आता तिच्याकडंच रांगेनं येतात.

मुंबईच्या वाटेवर, गोदीत किंवा गिरणीत, कोणाला चांद नावाचा पिंजारी भेटला, वऱ्हाडी बोलणारा आणि दारातून जाताना मान वाकवणारा, तर त्याला माझं नाव सांगा. त्याच्या बायकोनं मला फसवलं, आणि मी तिला काही बोलू शकत नाही. तेव्हा याचा जाब मला त्याच्याकडून हवा आहे. चिठ्ठी नको, निरोप नको. त्यानं स्वतः यावं, माझ्या ओट्यावर बसावं आणि सांगावं, की इतके दिवस तो कोणाच्या अंथरुणाचा कापूस पिंजत होता.