बंडाची दुपार

बंडखोरी काही घराण्यांच्या रक्तातच असते. नाशिकच्या गोदातीर जनहित पक्षाच्या रौप्यमहोत्सवी इतिहासाचं हे पहिलं वाक्य शेखरने सकाळीच लिहिलं होतं, आणि दुपारी तीनच्या आत तो आपला उमेदवारी अर्ज मागे घेणार होता.

ठरलं होतं ते सरळ होतं. महापालिकेच्या निवडणुकीतून त्याने माघार घ्यायची, मोठ्या पक्षाने त्याला स्वीकृत नगरसेवक करायचं. वडील पुंजारामनाना अध्यक्ष, आई आक्काबाई खजिनदार, बायको सरचिटणीस अशा पक्षाच्या पदरात पंचवीस वर्षांत पडणारं हे पहिलंच पद. सरचिटणीस योगिनी माघारीचा कागद भरून निवडणूक कचेरीत केव्हाच पोचली होती. शेखरने जाऊन फक्त सही करायची होती.

सव्वाएकला जेवताना त्याने मजकूर वाचून दाखवला. "दिंडोरीच्या निवडणुकीत माघारीची वेळ टळली, तरी पुंजारामनाना डगमगले नाहीत. पक्ष जन्मला तो त्या क्षणी."

"डगमगतील कशाला?" आक्काबाई ताटात पुरणाचा मांडा वाढत म्हणाल्या. "घोरत व्हते."

"घोरत नव्हतो," नाना म्हणाले. "सपान बघत व्हतो."

शेखरचा घास हातातच राहिला. "मग बंड, नाना?"

"ते उठल्यावर कळलं. दारात फटाके वाजत व्हते. लोकं खांद्यावर घ्यायला आली, त्यांना नाय कसं म्हणायचं?"

"आणि स्वप्न काय होतं?"

पंचवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. नाना झोपाळ्यावर बसले. शेखरने इतिहासासाठी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, मध्ये फोन नकोत म्हणून आवाज बंद केला आणि सतरंजीवर लवंडला. अजून तासभर हाताशी होता.

"लांबच लांब द्राक्षाचा मांडव हाय," नाना सांगू लागले. "खालून गोदामाई चाललीय, घोट्याएवढी. पाण्यात खुर्च्या मांडल्याय. सगळी दिंडोरी बसलीय, पण कोणी काय मागत नाय. उन्हाचे ठिपके पाण्यावर हलताय. मी भाषणाला उठतो, तर लोकं म्हणताय, बसा नाना, घाई काय..."

झोपाळ्याची कडी हळूहळू कुरकुरत राहिली. शेखरच्या घोट्यांना पाणी गार लागलं. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. तो बसला.

जाग आली ती ढोलाने. भिंतीवर साडेतीन. मोबाइलवर योगिनीचे एकतीस फोन आणि कुठल्याशा वाहिनीची बातमी : शेखरभाऊ ठाम, माघारीस नकार.

"आई, उठवायचं नाही का?"

"तुझ्या बापाला नाय उठवलं, तर पक्ष निघाला," आक्काबाई ओवाळणीचं तबक शोधत म्हणाल्या. "म्हटलं, तुझं काय निघतंय बघू."

स्वीकृत नगरसेवकाची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. शेखरला दोनशे चौदा मतं पडली. त्यात घरातलं एकही नव्हतं. नव्या प्रभागरचनेत त्यांचं घर शेजारच्या प्रभागात गेलं होतं.